लुगड्यांचं कुंपण

त्या गुरुवारी मी नेहमीसारखा नोएडाहून मेट्रो धरून गुरुग्रामला गेलो. गुरुवार हा आमचा डोंगराचा वार. मॅडमच्या सोसायटीच्या गेटावरचा गार्ड मला लांबूनच ओळखतो, नाव विचारून वर फोन लावायचं त्यानं कधीच सोडून दिलंय. त्या दिवशी मात्र तो खुर्चीतून उठला आणि टोपी काढून हातात धरली. "अंकल जी, ऊपर जाने से पहले सुन लो. मैडम नहीं रहीं. नींद में ही..." मी त्याला म्हणालो, "कल तो बात हुई. भाकरी लाने को बोला." मी वर गेलो नाही. का गेलो नाही ते मला विचारू नका. खाली बेसमेंटात उतरलो. गाडीची चावी माझ्याकडंच असते. दार उघडलं, सीटवर बसलो, बेल्टसुद्धा लावला. बाजरीच्या भाकरीचं फडकं शेजारच्या सीटवर ठेवलं, जिथं त्या बसायच्या. मग ते उचलून मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं बेल्ट काढला आणि वर गेलो.

त्याला आता काही आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी सांगितलं की पुरवणीसाठी मॅडमवर लेख हवा, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी नाही म्हणालो. माझी शाळा चौथीत सुटली हे खरं आहे, पण जे मला ठाऊक आहे ते लिहायला दुसऱ्याचा हात लागत नाही. ऱ्हस्व-दीर्घ छापणाऱ्यांनी बघून घ्यावं. शब्दाला हात लावू नये.

वासंती पेंढारकर मूळच्या सांगलीकडच्या. दिल्लीत केंद्र सरकारच्या जंगलांच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर होत्या. मी माण तालुक्यातला, धनगराच्या पोटचा. बाप मेंढरं घेऊन निम्मं वर्ष कोकणात असायचा. मी गाडी शिकलो आणि एका साहेबाच्या मागोमाग दिल्लीला आलो, तो इथंच राहिलो. मॅडम नव्यानं बदलून आल्या तेव्हा ऑफिसनं मला त्यांच्या गाडीवर दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी म्हणालो, "मॅडम, साहेबलोक मागं बसतात." त्या म्हणाल्या, "मागून झाडं दिसत नाहीत." मी म्हणालो, "मागं खिडकी आहे." तर म्हणतात, "खिडकीतून अर्धं झाड दिसतं विरकर. समोरून अख्खं." आता ह्याच्यावर काय बोलणार. त्या पुढं बसल्या त्या बसल्याच. लाल सिग्नलला झाडाचं नाव सांगायच्या आणि हिरवा पडला की ते मला परत विचारायच्या. मी मुद्दाम चुकीचं सांगायचो. मला परीक्षा आवडत नाही, म्हणून तर शाळा सोडली.

दुपारी कधी दिल्लीच्या जेवणाचा कंटाळा आला की आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसमध्ये जायचो. तिथं वरण-भात, मटकीची उसळ आणि कधी बरं असलं तर पिठलं मिळायचं. त्या मला आपल्या टेबलावर बोलवायच्या आणि मी दुसऱ्या टेबलावर बसायचो. मेहेरबानीचं जेवण मी जेवत नाही. मग त्या एवढ्या लांबून, सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात, "विरकर, मीठ कमी आहे ना?" असं विचारायच्या. असं किती दिवस चाललं असेल... शेवटी एकदा त्यांनी स्वतःचं ताट उचललं आणि माझ्या टेबलावर येऊन बसल्या. मी उठलो नाही. त्यानंतर तसंच चालू राहिलं.

मी आधी रिटायर झालो, मग त्या. त्यांचे यजमान आधीच गेले होते, मुलगी मुक्ता बेंगळुरूला. त्यांनी गुरुग्रामला वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि एक दिवस मला फोन केला. "विरकर, गाडी आहे आणि चालवणारा नाही." मी म्हणालो, "दिल्लीत ड्रायव्हर ढिगानं मिळतात." त्या म्हणाल्या, "ढीग नकोय, भांडणारा हवाय." मी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस जाऊ दिले.

काम असं होतं. गुरुग्रामच्या पलीकडं अरवलीच्या कुशीत एक गाव आहे आणि गावामागं डोंगर आहे. वर चढलं की एका बाजूला काचेच्या उंच इमारती दिसतात, दुसऱ्या बाजूला नुसता दगड. एकेकाळी तिथं दाट रान होतं म्हणतात. मग खाणी आल्या, खाणी बंद पडल्या, आणि राहिली ती विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडं जिला वेडी बाभूळ म्हणतात ती. ती दुसरं काही उगवू देत नाही. गावानं आणि खात्यानं मिळून हा डोंगर पुन्हा रानात आणायचं ठरवलं आणि त्याचं बघायला मॅडमना गळ घातली. गुरुग्रामच्या कंपन्यांमधले पुण्या-मुंबईचे तरुण लोक रविवारी मदतीला यायचे. हॅट, बूट, पाण्याच्या बाटल्या. मनानं चांगली माणसं. मॅडम मात्र गुरुवारी जायच्या. म्हणायच्या, रविवारी डोंगर कमी आणि फोटोच जास्त दिसतात.

पहिल्याच खेपेला त्या एका खडकापाशी गुडघे टेकून बसल्या आणि मला खाली बसवलं. खडकाला चिकटून हिरवं काहीतरी पसरलं होतं, घोंगडी अंथरावी तसं. म्हणाल्या, "हे काय आहे?" मी म्हणालो, "झुडूप." "नाही. हे झाड आहे. धौ म्हणतात इकडं, आपल्या धावड्याचा भाऊ. तुमच्या-माझ्यापेक्षा वयानं मोठं असेल. आडवं पडलंय." मी म्हणालो, "कुणी पाडलं?" "तुमच्या लाडक्यांनी." "कुणी?" "शेळ्यांनी. वर फुटलेला प्रत्येक कोंब खाल्ला. मग ते बिचारं जमिनीलाच धरून राहिलं." मग हात झाडत उठल्या आणि म्हणाल्या, "इथं जंगल लावायचं नाहीये विरकर. जंगल इथंच आहे. त्याला उभं राहू द्यायचंय."

मला ते पटलं नाही. शेरडाच्या तोंडानं झाड मरतं हे मी लहानपणापासून साहेबलोकांकडून ऐकत आलोय. ज्यांना शेरडाचं दूध प्यायचं नसतं तेच हे सांगतात. मी तसं म्हणालो, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं. ती अंगूरी. गावातली बाई, वयानं आमच्याच आसपासची, अंगावर मोठी पिवळी ओढणी, हातात काठी आणि मागं शेळ्यांचा कळप. नवरा खाणीत होता, खाण बंद झाल्यावर घरी बसलेला. घर शेळ्यांवर आणि कीकरच्या जळणावर चालायचं. मॅडमनी तिला नीट हिंदीत समजावलं की डोंगराला थोडी वर्षं विश्रांती हवी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर मैडम जी, इतणे साल मेरी बकरी के खावैगी? थारी फाइल?" मी मोठ्यानं हसलो. मॅडम हसल्या नाहीत, पण गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे तिचा."

प्रश्न बरोबर होता तरी कामाचा कागद आधीच ठरला होता. सगळ्या डोंगराला काटेरी तार. तार आली, खांब आले, रविवारच्या लोकांनी रोपंही लावली. महिन्याभरात तार तीन-चार ठिकाणी कापलेली आणि रोपांचे नुसते बुडखे. मॅडम म्हणाल्या, आणखी जाड तार लावू. मी गाडी चालवत होतो. म्हणालो, "लावा. अजून जाड पक्कड आणतील." "मग काय करू? शेळ्यांना निमंत्रण देऊ?" "त्यांचाच डोंगर आहे, निमंत्रण तुम्हाला पाहिजे." "विरकर, तुम्ही शेळ्यांचे वकील आहात की माझे ड्रायव्हर?" हे त्या रागानं बोलल्या. मी गाडी बाजूला घेतली, चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "ड्रायव्हर ढिगानं मिळतात." उतरलो, रिक्षा करून मेट्रो गाठली आणि घरी आलो. त्या गाडी चालवत नव्हत्या. कशा घरी गेल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे.

तो सगळा उन्हाळा आम्ही बोललो नाही. एक दिवस संध्याकाळी दार वाजलं आणि बघतो तर मॅडम. मेट्रो बदलत, ई-रिक्षानं नोएडात आमच्या सेक्टरपर्यंत एकट्या आलेल्या, घामानं भिजलेल्या. सुनेनं पाणी दिलं. चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं मेंढरं एका माळावर किती दिवस ठेवायचे?" मी सांगितलं की वाडा हलता असतो, चारा मान टाकायच्या आत पुढं निघायचं, आणि त्या माळावर पुन्हा यायचं ते वर्षानं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण तुमचा बाप कोकणात जायचा. अंगूरी कुठं जाईल? गोल्फच्या मैदानात?" मी म्हणालो, "ते मला ठाऊक नाही." त्या म्हणाल्या, "मलाही नाही. म्हणून आलेय. तुम्ही येताय की नाही, तेवढं सांगा." मी चप्पल घातली.

मग आम्ही तिघं डोंगरावर बसलो, अंगूरी, मॅडम आणि मी. पुष्कळ गुरुवार बसलो. अंगूरी एक बोलायची, मॅडम त्यात अडचण काढायच्या, मग मॅडम एक बोलायच्या आणि अंगूरी हसायची. त्यातून हळूहळू असं ठरलं की डोंगराचे तीन पट्टे करायचे. बंद एकच, बाकी दोन शेळ्यांना मोकळे. बंद पट्ट्यातली कीकर गावातल्याच बायांनी तोडायची, सगळं जळण त्यांचं. शेंगा शेळ्यांना. पावसाळ्यानंतर गवत कापून डोक्यावरून न्यायचं, पण शेळी आत न्यायची नाही. धौ शेळीच्या तोंडाच्या वर गेला की तो पट्टा उघडायचा आणि दुसरा बंद करायचा. मॅडमनी वरच्या लोकांशी भांडून हे मंजूर करून आणलं. त्या भांडणाबद्दल मला फार ठाऊक नाही. दोन-तीन वेळा गाडीत बसल्या तेव्हा कान लाल झालेले दिसले, एवढंच.

राहिलं कुंपण. मी म्हणालो, वाघूर लावा. आमच्यात मेंढरं कोंडायला दोरीची जाळी असते, तिला वाघूर म्हणतात. मेंढरानं मनात आणलं तर तोडेल, पण ते मनात आणत नाही. मी गावाकडून ती मागवून घेतली आणि सगळ्यांसमोर ताणून बांधली. अंगूरीच्या एका काळ्या शेळीनं जाळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तिथल्या तिथं उडी मारून पलीकडं गेली. तिच्या मागं बाकीच्या. अंगूरी म्हणाली, "ताऊ, या मच्छी पकड़ण आळी सै के?" म्हणजे ही मासे धरायचीवाली आहे का. मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या. मेंढरू आणि शेरडू ह्यांत फरक असतो, तो मला ठाऊक नव्हता असं नाही. पण हरियाणाची शेरडं जास्तच उडी मारतात.

मग अंगूरीनंच ते सांगितलं. म्हणाली, तार सरकारची असते, ती कापायला कुणाला शरम वाटत नाही. "पर लुगाई की ओढ़नी लांघकै जो अपणा डांगर भीतर ले जा, उसनै तो सारा गाम थूकै." म्हणजे बाईची ओढणी ओलांडून जो जनावर आत घालेल त्याच्यावर गाव थुंकेल. शेळी ओढणी ओळखत नाही, पण शेळीमागचा माणूस ओळखतो. गावातल्या बायांनी आपापली एक जुनी ओढणी आणली. बंद पट्ट्याच्या कडेनं, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, ज्या घरची त्या बाईनं स्वतः बांधली. पिवळी, लाल, हिरवी, टिकल्यांची, चमकत्या किनारीचा गोटा लावलेली. नियमही त्यांनीच केला. ज्या बाईनं बांधली तिनंच सोडायची. ती नसली तर तिच्या लेकीनं किंवा सुनेनं. तिसऱ्यानं हात लावायचा नाही. तार मॅडमनी काढून परत पाठवली. ते वर्ष गेलं, पुढचं गेलं, आणि आत एक शेळी गेली नाही. घोंगडीसारखा पडलेला तो धौ... काय सांगू, आधी शेळीच्या कानाएवढे कोंब काढले, मग वीतभर, मग गुडघ्याला आला. मॅडम दर गुरुवारी त्याच्याशेजारी उभ्या राहायच्या, लेकराची उंची बघावी तशा. मला म्हणायच्या, "बोला वकीलसाहेब." मी म्हणायचो, "पाऊस चांगला झालाय."

आणि मग तो रविवार आला. मॅडम मुक्ताकडं बेंगळुरूला गेल्या होत्या. गुरुग्रामच्या तरुण मंडळींनी डोंगर स्वच्छ करायचा कार्यक्रम ठेवला. प्लास्टिक उचललं, बाटल्या उचलल्या, आणि झाडांवर लटकणाऱ्या जुन्या चिंध्याही. सगळ्या ओढण्यांच्या गाठी सोडल्या, त्या काळ्या पिशव्यांत भरल्या आणि कचऱ्याच्या गाडीत दिल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते गुरुवारी येत नसत आणि गावातल्या बाया रविवारी येत नसत. संध्याकाळी मॅडमच्या मोबाइलवर फोटो आला, पिशव्या आणि मागं हसणारी माणसं. त्यांनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "विरकर, मी निघाले. विमानतळावर या."

आम्ही गावात गेलो तेव्हा एकही बाई बोलेना. आपल्याकडं डोक्यावरचा पदर ओढला तर काय होतं ते आपल्याला कळतं, तिथं ओढणीचं तसंच आहे. साऱ्या गावाच्या ओढण्या उतरवून कचऱ्यात घातल्या होत्या, आणि गावाला वाटलं की मॅडमच्या माणसांनी घातल्या म्हणजे मॅडमनीच घातल्या. शेळ्या आत सोडलेल्या दिसत होत्या. मी पहिल्यांदा बघितलं की एका दुपारीत शेरडं काय करू शकतात... ह्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. अंगूरी दारात भांडी घासत होती. मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मुलं नवीन आहेत, त्यांना ठाऊक नव्हतं, असं काहीही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मुझे बताना चाहिए था उनको. नहीं बताया. अब आप बोलो क्या करूँ." अंगूरीनं हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग म्हणाली, "पिछली बार सारी म्हारी थी. पुराणी थी, तो किसे नै कूड़ा समझ ली. इबकै थारी बांध. सुथरी आळी." म्हणजे ह्या वेळी तुमची बांधा, चांगल्यातली.

मॅडमनी घरी जाऊन कपाट उघडलं. पुढच्या गुरुवारी गाडीच्या मागच्या सीटवर साड्यांचा ढीग होता. नारायणपेठ, कोटा, खादी रेशमी, आणि सगळ्यात वर त्यांच्या आईची इरकल, आमसुली रंगाची, जरा विरलेली पण पदर अजून घट्ट. मी म्हणालो, "ही तरी ठेवा." म्हणाल्या, "सुथरी आळी मागितलीय." रविवारच्या मंडळींना त्या एक शब्दही रागाचा बोलल्या नाहीत, फक्त सगळी हकीकत सांगितली. मग त्यांच्या बायका आणि आयाही आल्या. एकीनं विचारलं, "मॅडम, जॉर्जेट चालेल ना, का कॉटनच पाहिजे?" अंगूरीनं ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "चाल्लैगी, पर गांठ ढीली रहवैगी, दो मार." एक मुलगा म्हणाला की मी लग्न केलेलं नाही, आई मुंबईला आहे, मी काय बांधू? त्याला सांगितलं, आईला विचारून कुरिअर मागव. त्यानं मागवली. गावातल्या बायांनीही पुन्हा आणल्या, ह्या वेळी चांगल्यातल्या. पायवाट जिथं बंद पट्ट्यात शिरते तिथं, अगदी तोंडाशी, मॅडमनी आपली इरकल एका कोवळ्या धौला बांधली आणि दुसरं टोक समोरच्या खडकाला. सगळ्या डोंगराला जरीकाठ लागला. गुरुग्रामच्या कुठल्या तरी उंच मजल्यावरून तो दिसतो म्हणतात. मला कुणी त्या मजल्यावर नेलेलं नाही, तेव्हा खरंखोटं ठाऊक नाही.

त्यानंतर मात्र रान उठलं. शेळ्यांनी खाल्लेलं वर्षभरात भरून आलं आणि त्याच्या पुढं गेलं. गवत एवढं आलं की बाया भारे बांधून दमायच्या. मोर परत आले, नीलगाय आली, एकदा कोल्हा दिसला. कीकर जिथं तोडली तिथं इतर झाडं आपोआप डोकं वर काढायला लागली, कुणी न लावलेली. गावातल्या बायांना जळणासाठी लांब जावं लागेना. अंगूरीच्या शेळ्या कमी झाल्या नाहीत. मॅडम ते पुन्हापुन्हा सांगायच्या, कारण कुणी मोठा माणूस डोंगर बघायला आला की तो झाडंच विचारायचा, शेळ्यांचं कुणी विचारायचं नाही. त्याला त्या आधी अंगूरीच्या घरी चहाला न्यायच्या आणि मग डोंगरावर.

ह्या दिवाळीनंतर पहिला पट्टा उघडायचा असं ठरलं होतं. धौ शेळीच्या तोंडाच्या वर गेले होते. मॅडम म्हणायच्या, त्या दिवशी मी स्वतः गाठ सोडणार आणि पहिली शेळी आत जाताना बघणार. मी म्हणायचो, "एवढं वाढवलंत ते शेरडांना घालायला?" त्या म्हणायच्या, "शब्द दिलाय. झाडांना दिला तसा त्यांनाही दिलाय." आणि त्या दिवाळीच्या आधीच गेल्या.

मुक्ता सगळं आवरून बेंगळुरूला परतायच्या आधी म्हणाली, "विरकरकाका, मला डोंगरावर न्या. आजीची ती साडी हवीय मला." गुरुवारी आम्ही गेलो. गावातल्या बाया आधीच आल्या होत्या, पट्टा उघडायचा दिवस म्हणून. सगळ्यांनी आपापल्या ओढण्या सोडून खांद्यावर घेतल्या होत्या. रविवारच्या बायकाही सुट्टी काढून आल्या होत्या. पायवाटेच्या तोंडाशी फक्त इरकल राहिली होती आणि तिच्या अलीकडं शेळ्या दाटीनं उभ्या होत्या. अंगूरी त्यांना काठीनं मागं रेटत होती. मला मात्र काय झालं कुणास ठाऊक. मी पुढं होऊन म्हणालो, "ये रहने दो. इधर का रस्ता बंद ही रखो. मैडम की याद में." मुक्ता माझ्याकडं बघायला लागली. अंगूरी जवळ आली आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताऊ, मैडम मरगी तो तू भी तार आळा हो गया के?"

तारवाला म्हणाली मला. आयुष्यात मला गप्प बसवणाऱ्या दोनच बाया भेटल्या, एक गेली आणि दुसरी ही. अंगूरीनं मुक्ताला पुढं केलं. "बेटी खोल सकै सै. तू खोल." मुक्तानं खडकाकडचं टोक सहज सोडलं. झाडाकडची गाठ सुटेना. धौ वाढत गेला होता आणि सालीनं कापड आत ओढून घेतलं होतं. बाहेरून उन्हापावसानं रंग पार उडालेला, पांढुरकं फडकं झालेलं. मुक्तानं गाठीच्या घडीत बोट घालून बघितलं, आत आमसुली रंग होता तसाच होता. मग तिनं मला विचारलं, "काका, गाडीत काही आहे का कापायला?"

फळं कापायची सुरी खिशातच होती. मी तिच्या हातात दिली. तिनं गाठ झाडालाच ठेवली आणि गाठीच्या अलीकडं साडी कापली. उरलेलं कापड गोळा करून छातीशी धरलं आणि बाजूला झाली. अंगूरीनं काठी वर केली. शेळ्या घुसल्या, त्यांतली एक थेट त्या धौपाशी गेली, मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढचे खूर बुंध्याला टेकवले, अगदी त्या गाठीवर, आणि मान ताणली... आणखी ताणली. पाला वरच राहिला. मग ती खाली उतरली आणि गवत खायला लागली.